ब्रेंटचा पगार, हॅरोचं घर: इंग्लंडला शिकवायला जाताना मांडायचा हिशोब

फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना इंग्लंडचा क्यूटीएस, म्हणजे तिथला पात्र शिक्षकाचा दर्जा, पुन्हा प्रशिक्षण न घेता मिळू लागला. अट अशी की ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परदेशी भाषा शिकवण्याची पात्रता हवी. तेव्हापासून बी.एड. झालेल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: लंडनची शाळा घ्यावी की लहान गावची?

सगळे लंडनचा पगार बघतात आणि त्याला रुपयाच्या भावाने गुणतात. तिथेच हिशोब बिघडतो. गुणाकार शेवटी करायचा, आधी वजाबाक्या. आणि त्या वजाबाक्या केल्या की कळतं, खरा फरक शहर मोठं की लहान यात नाही. शाळा कुठल्या वेतनपट्ट्यात आहे आणि घर कुठल्या भाड्याच्या पट्ट्यात आहे, हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहायला लागतात. ते नकाशे जुळत नाहीत, आणि फायदा-तोटा सगळा त्या न जुळण्यात आहे.

आधी पगार. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांसाठी चार वेतनपट्टे आहेत: इनर लंडन, आउटर लंडन, फ्रिंज म्हणजे लंडनच्या कडेचा पट्टा, आणि उरलेलं सगळं इंग्लंड. अकॅडमी, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांवर हे दर बंधनकारक नाहीत, पण बहुतेक अकॅडमी तेच पाळतात. खाजगी शाळांचं गणित वेगळं, तसंच स्कॉटलंड आणि वेल्सचंही. ते इथे धरलेलं नाही. सप्टेंबर २०२५ ते ऑगस्ट २०२६ या वर्षी एम१, म्हणजे पात्र शिक्षकाच्या सगळ्यात खालच्या पायरीचा वार्षिक पगार असा आहे: इनर लंडन ४०,३१७ पौंड, आउटर लंडन ३७,८७०, फ्रिंज ३४,३९८, बाकी इंग्लंड ३२,९१६.

इनर लंडन आणि बाकी इंग्लंड यांत ७,४०१ पौंडांचा फरक. महिन्याला सहाशे सतरा. ऐकायला बरं वाटतं. आता कापाकापी बघा. पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही, त्यावर २० टक्के. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक विम्याची वर्गणी, ८ टक्के. शिवाय टीचर्स पेन्शन. या पेन्शनची मेख बऱ्याच जणांना पहिली पगाराची स्लिप हातात आल्यावर कळते. पेन्शनचे दर टप्प्यांनी वाढतात, पण आयकरासारखा फक्त वरच्या रकमेवर नवा दर लागत नाही. टप्पा ओलांडला की अख्ख्या पगारावर नवा दर. पहिला टप्पा ७.४ टक्क्यांचा, पुढचा ८.९ टक्क्यांचा, आणि त्यांच्यातली रेघ २०२५-२६ मध्ये ३४,८०० च्या जरा वर होती. म्हणजे बाकी इंग्लंडचा एम१ रेघेखाली राहतो आणि लंडनचा एम१ वर जातो.

सगळं कापून महिन्याला हातात येतात ते साधारण असे: इनर लंडन २,४७३ पौंड, आउटर लंडन २,३४१, फ्रिंज २,१८७, बाकी इंग्लंड २,१०६. कागदावर सहाशे सतराचा असलेला फरक हातात ३६७ चा उरतो. लंडनचं जास्तीचं भाडं, प्रवास आणि इतर सगळं या ३६७ पौंडांत बसवायचं आहे. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल.

पेन्शन सोडून दिली तर हातात जास्त येतील, असा सल्ला हमखास मिळतो. सोडता येते हे खरं. पण शाळा तुमच्या नावाने पगाराच्या २८ टक्क्यांहून जास्त रक्कम भरत असते, ती पेन्शन सोडली की मिळत नाही. शिवाय दोन वर्षांच्या आत नोकरी सोडून परत आलात तर तुमचा स्वतःचा वाटा, कर वजा करून, परत मागता येतो. सुरुवातीच्या दोन-चार महिन्यांच्या ओढाताणीपायी पेन्शन सोडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आता नकाशाकडे. शिक्षकांच्या वेतनातलं 'इनर लंडन' हे भूगोलातलं इनर लंडन नाही. या यादीत कॅम्डन, वेस्टमिन्स्टर, हॅकनी आहेत हे कुणीही सांगेल. पण ब्रेंट, ईलिंग, हॅरिंगे, न्यूहॅम, मर्टन आणि बार्किंग-डॅगनम हे बरोसुद्धा, म्हणजे लंडनचे पालिका-विभाग, याच यादीत आहेत. म्हणजे वेम्बली (ब्रेंट) आणि साउथॉल (ईलिंग), जिथे ज्वारीचं पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, तिथली शाळा इनर लंडनचा पगार देते. बार्किंग-डॅगनम तर लंडनमधल्या सगळ्यात कमी भाड्याच्या भागांपैकी एक, आणि पगार वेस्टमिन्स्टरएवढाच. उलट हॅरो, हाउन्स्लो, हिलिंग्डन, बार्नेट, रेडब्रिज, क्रॉयडन हे आउटरमध्ये.

पगार ठरतो शाळेच्या पत्त्यावर, तुमच्या घराच्या नाही. म्हणून ब्रेंटमध्ये शिकवून हॅरोत राहायचं, किंवा बार्किंगला शिकवून रॉमफर्डच्या बाजूला राहायचं, ही जोडी सगळ्यात फायद्याची. यात प्रवासही वाचतो, कारण लंडनचं ट्रेनभाडं महागतं ते झोन १ मध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागात, शिरल्यावर. बाहेरच्या बाहेर बसने जाणाऱ्याला एका खेपेला १.७५ पौंड (२०२५ चा दर), आणि तासाभरात दुसरी बस बदलली तर तिचे वेगळे पैसे नाहीत. दिवसाला साडेतीन, शाळेच्या महिन्यात सत्तर-पंचाहत्तर. हाच शिक्षक बाहेर राहून झोन १ मधल्या शाळेत जायला लागला की महिन्याच्या पासला, झोन किती ओलांडतो त्यावर, साधारण पावणेदोनशेपासून तीनशेच्या वर पौंड जातात.

पासचं निघालंच आहे तर: वर्षाचा ट्रॅव्हलकार्ड ४० आठवड्यांच्या पासच्या किमतीत मिळतो, म्हणून ऑफिसवाले तो घेतात. शिक्षकाचं वर्ष १९५ दिवसांचं, म्हणजे ३९ आठवड्यांचं. शाळेच्या आठवड्यांपुरता आठवड्याचा पास घेतलात तरी खर्च तेवढाच, वर दोन-तीन हजार पौंड एकदम अडकत नाहीत.

आता सगळ्यात वाईट सौदा. फ्रिंज. स्लाउ, वॉटफर्ड, सेंट ऑल्बन्स, क्रॉली, डार्टफर्ड, अख्खा सरे परगणा. इथे बाकी इंग्लंडपेक्षा हातात महिन्याला फक्त ८१ पौंड जास्त येतात आणि भाडं मात्र लंडनचं बोट धरून चालतं. स्लाउमध्ये मराठी माणसं बरीच आहेत, ओळखीने तिथली शाळा सुचवली जाते. तिथून एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनने साउथॉल किंवा ईलिंगच्या शाळेत जाणाऱ्याचा पगार त्याच घरात राहून महिन्याला पावणेतीनशे-तीनशे पौंडांनी जास्त असतो. प्रवासखर्च वजा केला तरी काही उरतं.

याच्याही पुढची फसगत ऑक्सफर्ड, केंब्रिज, ब्रायटन, ब्रिस्टल आणि रेडिंगची. ही 'लहान शहरं' म्हणून निवडली जातात. भत्ता एक पैचा नाही, पगार ३२,९१६ च, आणि भाडी मात्र लंडनच्या बाहेरच्या भागांच्या तोडीची. लहान शहर म्हणजे स्वस्त शहर, हे समीकरण इथे सपशेल पडतं. हातात २,१०६ आणि वन बेडरूमला बाराशे-तेराशे, याला संसार म्हणत नाहीत.

भाड्याच्या सरकारी आकडेवारीत २०२५ च्या मध्याला लंडनचं सरासरी खाजगी घरभाडं महिन्याला सुमारे २,२५० पौंड होतं, अख्ख्या इंग्लंडचं सुमारे १,४०० आणि ईशान्य इंग्लंडचं, म्हणजे न्यूकासल, संडरलंड, मिडल्सब्रो या भागाचं, साडेसातशेच्या आत. सरासरीत मोठी घरंही येतात, त्यामुळे नव्या शिक्षकाने खोलीचा दर बघावा. लंडनमध्ये सामायिक घरातली खोली, वीज-पाणी धरून, नऊशे ते अकराशे. लेस्टर, स्टोक, हल, ब्रॅडफर्ड या बाजूला साडेचारशे ते सहाशे.

एकटा माणूस, खोलीत राहणारा. इनर लंडनच्या शाळेत २,४७३ आले. खोली ९५०, प्रवास १७०, जेवणखाण २५०, मोबाइल १०, कपडे-बिपडे आणि हौसमौज २००. उरले साधारण ८९०. लहान शहरात २,१०६ आले. खोली ५२०, बस ७०, जेवण २४०, मोबाइल १०, बाकी १७०. उरले जवळजवळ अकराशे. लहान शहर दोनशे पौंडांनी पुढे. पण लंडनवाल्याने वर सांगितलेली ब्रेंट-हॅरो जोडी जमवली, खोली ८०० त मिळवली आणि बसने गेला, तर तोही अकराशेच्या पुढे पोहोचतो. एकट्यासाठी दोन्हीकडे जमतं. शनिवार-रविवार कसे घालवायचे, एवढाच प्रश्न उरतो.

कुटुंब आलं की हिशोब पूर्ण फिरतो, आणि तो भाड्याच्या रकमेआधी एका नियमावर अडतो. घर देण्यापूर्वी एजंट भाडेकरूची आर्थिक तपासणी करतात. सर्वसाधारण निकष असा, की वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या किमान ३० पट हवा. गणित उलटं करा: इनर लंडनचा ४०,३१७ भागिले ३०, म्हणजे १,३४३ पौंडांपर्यंतचं घर. लंडनमध्ये वन बेडरूम दीड हजाराच्या आसपास सुरू होतो. एका शिक्षकाच्या पगारावर तो फ्लॅट तुम्हाला परवडतो की नाही हा मुद्दाच येत नाही, एजंट अर्जच पुढे नेत नाही. बाकी इंग्लंडच्या एम१ वर मर्यादा १,०९७ येते, आणि तिथे दोन बेडरूमचं टेरेस घर, म्हणजे ओळीत जोडून बांधलेल्या घरांतलं एक, सातशे-आठशेत मिळतं. तपासणी सहज पार.

तपासणीत अडकलं की एजंट दोन वाटा सुचवत आलेत. इंग्लंडमध्ये राहणारा जामीनदार आणा, किंवा सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा. पहिला नव्या माणसाकडे नसतो. दुसरी वाट १ मे २०२६ पासून कायद्याने बंद, त्यानंतर एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं घेता येत नाही. नियम भाडेकरूच्या भल्याचाच आहे, पण नुकत्याच उतरलेल्याला त्याचा काच बसू शकतो: आगाऊ पैसे मोजून तपासणीतून सुटण्याची सोय गेली. मग उरतं ते शाळेचं पत्र, ज्यात पगार आणि नोकरीचा कालावधी लिहिलेला असेल, आणि थेट घरमालकाशी बोलणं. लहान गावात हे पत्र चालून जातं. लंडनमध्ये एका घरामागे दहा अर्ज असतात, तिथे क्वचितच.

डिपॉझिटला मात्र कायद्याची मर्यादा आहे: जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं. घर अडवून ठेवायला एका आठवड्याचं. एजंटची वेगळी फी २०१९ च्या कायद्याने बंद झालेली आहे. कुणी 'रेफरन्सिंग चार्ज' मागितला तर सरळ नाही म्हणा. डिपॉझिट ३० दिवसांच्या आत सरकारमान्य संरक्षण योजनेत जमा व्हावं लागतं, त्याचा कागद मागून घ्या. भारतातून फोटो बघून डिपॉझिट पाठवू नका. ऑगस्टच्या शेवटी घरं शोधणाऱ्या परदेशी लोकांना गाठणं हा तिथल्या ठकांचा हंगामी धंदा आहे. दोन-तीन आठवड्यांची तात्पुरती सोय करून उतरा आणि घर प्रत्यक्ष बघून घ्या.

घरात शिरायला एकदम किती लागतात? पाच आठवड्यांचं डिपॉझिट आणि पहिला महिना. लंडनच्या ९५० च्या खोलीला सुमारे २,०५०. दीड हजाराच्या फ्लॅटला ३,२३०. लहान शहरातल्या ७५० च्या घराला १,६१५. बरीच घरं रिकामी मिळतात, तेव्हा गाद्या, भांडी, वेळप्रसंगी फ्रिजसुद्धा वेगळा. आणि सप्टेंबरचा पगार सप्टेंबरच्या शेवटी. तोवरचा खर्च खिशातून.

याआधीच व्हिसाचे पैसे गेलेले असतात. आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि तो सगळ्या वर्षांचा आधीच भरायचा. नवरा-बायको आणि एक मूल, तीन वर्षांचा व्हिसा: ८,५३८ पौंड फक्त अधिभार. काही शाळा शिक्षकापुरता भरतात, कुटुंबाचा क्वचित. हा खर्च दोन्हीकडे सारखाच, पण तो भरून जो खाली आलाय त्याला १,६१५ आणि ३,२३० मधला फरक चांगलाच जाणवतो.

कुटुंबाचं महिन्याचं गणित, एकजण कमावता, मूल चार वर्षांचं. इनर लंडन: घर १,५००, काउन्सिल टॅक्स (पालिकेचा घरकर) ११०, वीज-गॅस ११०, पाणी ४०, इंटरनेट २८, प्रवास १७०, किराणा ४५०, दोन मोबाइल २०. बेरीज २,४२८, आणि हातात येतात २,४७३. उरले ४५ पौंड. मुलाचे बूट फाटले की संपलं. लहान शहर: घर ७५०, काउन्सिल टॅक्स १३०, वीज-गॅस १५०, पाणी ४०, इंटरनेट २८, जुनी गाडी २५०, किराणा ४३०, मोबाइल २०. बेरीज १,७९८, उरले ३०८. फार नाही, पण महिनाअखेर उधारी नाही.

यात काउन्सिल टॅक्सचा आकडा उलटा छापलाय असं वाटेल. तसं नाही. वॅन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टरमध्ये डी बँडच्या, म्हणजे डी किंमतश्रेणीच्या, घराला वर्षाला हजाराच्या आसपास कर आहे, तर नॉटिंगहॅम किंवा रटलंडमध्ये अडीच हजाराच्या वर. पण बँड १९९१ च्या घरकिमतीवर ठरलेले आहेत, त्यामुळे उत्तरेकडची टेरेस घरं बहुधा ए बँडात येतात, आणि ए बँडचा कर डी च्या दोन तृतीयांश असतो. जाहिरातीत बँड लिहिलेला नसेल तर सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून दिसतो. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट, पण ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. कर साधारणपणे दहा हप्त्यांत घेतात, म्हणून फेब्रुवारी-मार्च मोकळे जातात. ते पैसे खर्चून टाकू नका, एप्रिलमध्ये पुन्हा सुरू होतं.

लहान शहराच्या हिशोबात दोन गोष्टी माणसाला गोत्यात आणतात: गाडी आणि ओल.

गाडी आधी. लंडनच्या बाहेर एका बसखेपेचं कमाल भाडं सध्या ३ पौंड ठरवून दिलंय, ते ठीक. पण शाळा सकाळी साडेआठला भरते, शिक्षकाला आठला पोहोचायचं असतं, आणि गावाकडची पहिली बस कधी कधी त्यानंतर असते. म्हणून मुलाखतीआधीच शाळेचा पत्ता टाकून सकाळी ७.४५ ला पोहोचणारी बस आहे का ते बघा. नसेल तर पगाराच्या आकड्यातून गाडी वजा करायची. भारतीय परवान्यावर तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिने चालवता येतं. तो बदलून मिळत नाही. तात्पुरता परवाना ३४ पौंड, लेखी परीक्षा २३, प्रत्यक्ष परीक्षा ६२, आणि शिकवणीचे तासाला पस्तीस-चाळीस. वीस वर्षं पुण्यात गाडी चालवलेली असली तरी चार-सहा तास घ्यावेच लागतात, आरसे बघायची आणि राउंडअबाउटची सवय परीक्षक बारकाईने तपासतो. परीक्षेची तारीख मिळायलाच महिनोनमहिने जातात, म्हणून पोचल्या पोचल्या तात्पुरता परवाना काढून लेखी उरकून टाका. दहाव्या महिन्यात जागं झालेल्याची गाडी तेराव्या महिन्यात दाराशी उभी राहते, आणि विमा चालूच. विमा हाच मोठा खर्च: भारतातला 'नो क्लेम', म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सवलत, बहुतेक कंपन्या धरत नाहीत, पहिल्या वर्षी हजार-दीड हजार पौंड सहज. वर धरलेल्या २५० मध्ये विमा, इंधन, रस्ताकर, वार्षिक तपासणी आणि थोडी दुरुस्ती येते. गाडीची किंमत नाही.

ओलीचं असं. उत्तरेकडची स्वस्त टेरेस घरं शंभर-सव्वाशे वर्षं जुनी, भिंती भरीव विटांच्या, आत हवेचा थर नाही. जून महिन्यात घर बघितलं तर छान वाटतं. म्हणून बघायला जाल तेव्हा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवा. काळे ठिपके असतील तर ती बुरशी. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट जरा पुढे ओढून मागे बघा, नवा पांढरा रंग फक्त तेवढ्याच जागी दिलेला असेल तर तो कशावर दिलाय ते ओळखा. घराचा ऊर्जादर्जा ए ते जी अक्षरांत असतो. ई च्या खालचं घर सहसा भाड्याने देता येत नाही, आणि सी मिळालं तर उत्तम. मग विचारा, घर कशावर तापतं? २०२५ च्या शेवटी गॅस युनिटला सव्वासहा पेन्सच्या आसपास पडत होता, वीज सव्वीसच्या पुढे. विजेच्या हीटरचं घर भाड्यात पन्नास पौंड स्वस्त असेल तर जानेवारीत ते पन्नास चौपटीने परत जातात. 'प्राइस कॅप' शब्दाने फसू नका, ती मर्यादा युनिटच्या दराला आहे, बिलाला नाही. खेड्यात गॅसची लाइनच नसते, तेल टाकीने विकत घ्यावं लागतं, एकदम पाचशे लिटर. आणि आपल्याकडची सवय म्हणून कपडे खोलीत वाळत टाकले की बुरशी चार आठवड्यांत हजर. हवेतला ओलावा ओढणारं छोटं यंत्र दीडशे पौंडांना येतं, ते पहिल्या हिवाळ्याच्या यादीत धरा.

किराण्यात फरक वाटतो तेवढा नाही. मोठ्या सुपरमार्केटचे दर देशभर जवळपास एकच. महाग असतात ती त्यांचीच छोटी, स्टेशनजवळची दुकानं. तूरडाळ, दहा किलोची आट्याची पिशवी मध्यम शहरातल्या मोठ्या दुकानातही मिळते. पोहे, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचं तेल, कढीपत्ता यांसाठी वेम्बलीचा ईलिंग रोड, साउथॉल किंवा लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड. गोडा मसाला आणि भाजणी घरूनच. लेस्टर हा खरंतर दोन्हीकडचा मध्य आहे: बाकी इंग्लंडचा पगार, आवाक्यातलं भाडं, बसने फिरता येईल एवढं शहर, आणि गुजराती दुकानांमुळे स्वयंपाकघर अडत नाही. मराठी गोतावळा मात्र लंडनच्या बाजूलाच जास्त. १९३२ पासून चालू असलेलं महाराष्ट्र मंडळही डॉलिस हिलला, म्हणजे पुन्हा ब्रेंटमध्येच.

लहान मुलं असतील तर लंडनच्या बाजूनेही काही वजन पडतं. सरकारी शाळेत रिसेप्शन, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, ते इयत्ता दुसरीपर्यंत दुपारचं जेवण देशभर मोफत आहे. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून महापौरांच्या योजनेत सगळ्या प्राथमिक वर्गांना. अकरा वर्षांखालच्या मुलाला बस-ट्यूब फुकट. पाळणाघर मात्र दोन्हीकडे कंबरडं मोडतं. नोकरदार पालकांना आठवड्याला ३० तास मोफत, ही जाहिरात वाचून हुरळू नका: एकजण स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आणि दुसरा त्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर असेल, तर सरकारी निधीतून मदत न घेण्याच्या व्हिसाच्या अटीमुळे ती सवलत मिळत नाही. मूल तीन वर्षांचं झाल्यावरच्या सत्रापासून १५ तास मात्र सगळ्यांना मिळतात, वर्षातले ३८ आठवडे. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, तोही नाही. पूर्णवेळ नर्सरी लहान शहरात हजार-बाराशे, इनर लंडनमध्ये सतराशे-अठराशेपर्यंत. ती भरायची असेल तर जोडीदाराची नोकरी बहुतेक तिच्यातच विरते.

आणि खरा काटा फिरतो तो जोडीदाराच्या नोकरीने. व्हिसावर आलेल्या जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करता येतं. साध्या किमान वेतनावर, पूर्णवेळ, कापून सोळाशेच्या आसपास घरात येतात, आणि तो दर लंडनला वेगळा नाही. मग लहान शहर आणखी पुढे जातं: भाडं ७५० आणि घरात ३,७०० पौंड. पण जोडीदार आयटी, हिशोबनीस किंवा औषधनिर्माणातला असेल तर लहान गावात तो वर्षभर घरी बसण्याची शक्यता मोठी, आणि लंडनमध्ये त्याचा पगार शिक्षकापेक्षा जास्त. दोन पगार धरले की ३० पटीची तपासणीही पार होते. तेव्हा निर्णय शिक्षकाच्या पगारावर न घेता जोडीदाराच्या नोकरीवर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत.

एक गोष्ट लहान शाळेकडून जास्त मिळू शकते, ती मागितली तर. भारतातला अनुभव वेतनाच्या पायरीत धरायचा की नाही, हे शाळेच्या मर्जीवर आहे. काही न बोलता होकार दिलात तर बहुधा एम१. बाकी इंग्लंडचा एम३, म्हणजे तिसरी पायरी, हा ३७,१०१ पौंड, हातात साधारण २,३००. म्हणजे एम१ पेक्षा महिन्याला १९० जास्त. लंडनचा अर्धा फायदा, भाडं न वाढवता. भौतिकशास्त्राच्या शिक्षकासाठी वर्षभर जाहिरात देऊन थकलेली गावाकडची शाळा हे मान्य करण्याची शक्यता लंडनच्या शाळेपेक्षा जास्त. बोलायची वेळ एकच: नोकरी देऊ केल्यावर आणि होकार देण्यापूर्वी. पुराव्याला प्रत्येक शाळेचं अनुभवपत्र, तारखांसह, इयत्ता आणि विषय लिहिलेलं, इंग्रजीत. क्यूटीएस हातात नसताना रुजू होत असाल तर अपात्र शिक्षकाच्या वेगळ्या, बऱ्याच खालच्या श्रेणीत टाकलं जाऊ शकतं; पत्रात कुठली श्रेणी लिहिली आहे ते वाचल्याशिवाय सही नको.

आणि जागा चुकली तर? शिक्षकाला मधेच उठून जाता येत नाही. राजीनामा देण्याच्या तारखा वर्षातून तीनच: ३१ ऑक्टोबरपर्यंत दिलात तर डिसेंबरअखेर सुटका, फेब्रुवारीअखेर दिलात तर एप्रिलअखेर, ३१ मेपर्यंत दिलात तर ऑगस्टअखेर. नवी शाळा म्हणजे नवं स्पॉन्सरशिप, नवा व्हिसा अर्ज आणि त्याची फी, आणि तो मंजूर होईपर्यंत नव्या शाळेत पाऊल टाकता येत नाही. शिवाय मिळवलेली पायरी पुढच्या शाळेने मानलीच पाहिजे असा नियम नाही. म्हणून गावाकडून लंडनला सरकायचं ठरवलंत तर जाहिराती जानेवारीपासून बघायला लागा आणि ब्रेंट, ईलिंग, बार्किंगच्या शाळांना मार्च-एप्रिलमध्ये अर्ज करा. ३१ मेच्या आत नवं पत्र हातात आलं, तरच जुनीकडे राजीनामा द्यायचा.